स्टेरॉइड आधी, बायोप्सी नंतर: मेंदूतल्या एका गाठीचं निदान पाठीतल्या पाण्यातून कसं झालं

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते. आधीच सांगते, खालची केस एकाच पेशंटची जशीच्या तशी नाहीये, अशा केसेसमध्ये जे जे होतं ते एकत्र करून आणि ओळख पटणार नाही असं बघून लिहिलीय. पण यातला प्रत्येक प्रॉब्लेम खरा आहे. आणि सविस्तर लिहायचं कारण म्हणजे लिक्विड बायोप्सी (गाठीचा तुकडा न काढता शरीरातल्या द्रवातून ट्यूमरचा माग काढणं) म्हटलं की लोकांना वाटतं रक्त द्यायचं आणि ट्यूमर आहे की नाही ते कळतं. मेंदूच्या बाबतीत असं होत नाही. नमुना कुठल्या जागेतून घेतला आणि त्याला नेमका कुठला प्रश्न विचारला, यावर सगळं ठरतं.

पेशंट ६७ वर्षांच्या काकू. आधी काही मोठा आजार नाही. तीन-चार आठवड्यांत वागणं बदलत गेलं, बोलता बोलता गप्प व्हायच्या, तेच तेच विचारायच्या, चालताना तोल जायला लागला. घरच्यांना आधी वाटलं वयाचं असेल, मग डिप्रेशनची शंका आली, आणि एक दिवस त्या स्वतःच्या घरात बाथरूम कुठे ते विसरल्या तेव्हा एमआरआय झाला. त्यात कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) मागच्या भागात गाठ, दोन्ही बाजूच्या व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) अगदी खेटून, कॉन्ट्रास्ट दिल्यावर एकसारखी उजळणारी आणि डिफ्यूजन नावाच्या एमआरआय इमेजमध्येही चमकणारी. असं चित्र दिसलं की न्यूरोवाल्यांच्या डोक्यात पहिल्या दोन-तीन नावांत प्रायमरी सीएनएस लिम्फोमा येतोच. म्हणजे लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर), पण शरीरात दुसरीकडे कुठे नाही, फक्त मेंदू, मेंदूभोवतीचं पाणी, मज्जारज्जू आणि डोळे एवढ्यातच. त्याच यादीत ग्लायोब्लास्टोमा (ग्लायोमा या मेंदूच्याच ट्यूमरचा आक्रमक प्रकार) पण असतो, आणि डिमायलिनेशनची (मज्जातंतूंवरचं आवरण झिजणं) मोठी गाठ पण असते जी कॅन्सर नसतेच.

इथे एक गोष्ट घडली जी खूप ठिकाणी घडते. आधी जिथे दाखवलं तिथे मेंदूला सूज दिसली म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. सूज उतरवायला तेच देतात, त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि पेशंटला बरं वाटतंच. काकू दोन-तीन दिवसांत नीट बोलायला लागल्या, घरचे खुश. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, निदान काही काळापुरत्या तरी, आणि मग बायोप्सीची सुई बरोबर जागी जाऊनही हाती काही लागत नाही. म्हणून नियम असा की पेशंटच्या जिवाला सूजेमुळे लगेच धोका नसेल आणि लिम्फोमाची शंका असेल तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवायचं. हे जितक्या लोकांपर्यंत पोचेल तितकं चांगलं, कारण पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी (स्कॅनवरून जागा ठरवून सुईने तुकडा घेणं) झाली. रिपोर्टमध्ये काय, तर मॅक्रोफेज, थोड्या टी-पेशी, ग्लायोसिस (मेंदूतला व्रण), मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. दुसऱ्या एमआरआयमध्ये गाठ निम्म्याहून लहान. आता याचा अर्थ काय लावायचा? लिम्फोमा स्टेरॉइडने विरघळला असेल, किंवा मुळातच डिमायलिनेशन असेल जे स्टेरॉइडला तसंच रिस्पॉन्ड करतं. दोन्हीची ट्रीटमेंट एकदम वेगळी. एकात हाय डोस मेथोट्रेक्सेट ही केमो, तेही लवकरात लवकर, आणि दुसऱ्यात ते द्यायचा प्रश्नच येत नाही.

सगळीकडे शिकवतात तो मार्ग म्हणजे स्टेरॉइड कमी करत बंद करा, दर थोड्या दिवसांनी एमआरआय काढा, गाठ परत वाढली की परत बायोप्सी. पण मेंदूत इतक्या आत परत सुई घालायची म्हणजे रक्तस्रावाची रिस्क दुसऱ्यांदा घ्यायची, आणि वाट बघण्यात पेशंटची जी ताकद जाते तीच पुढे केमो सोसायला लागते. स्टेरॉइड बंद होऊन आठवडा झाला तोवर काकू परत गप्प व्हायला लागल्या होत्या. म्हणून ठरलं की मधल्या वेळात पाठीतलं पाणी म्हणजे सीएसएफ (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा द्रव) काढून बघूया.

ते काढण्याआधी जे बघायचं ते बघितलं. मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, डोळ्याच्या मागच्या नसेवर सूज नाही, प्लेटलेट्स आणि क्लॉटिंग नॉर्मल. हे लिहितेय कारण मेंदूत मोठी गाठ आणि प्रेशर असताना लंबर पंक्चर केलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. सुईने पाणी काढणं ऐकायला साधं वाटतं पण ब्रेन ट्यूमरच्या प्रत्येक पेशंटला ते करता येत नाही.

आता आमच्या बाजूची गोष्ट. सीएसएफ साधारण १० मिली मिळालं. ते सायटोलॉजीला (पेशी तपासणारी लॅब) जातं, तिथे ट्यूब सेंट्रिफ्यूज करतात, तळाला बसलेल्या पेशी स्लाइडवर घेतात, आणि वरचं स्वच्छ पाणी बऱ्याच ठिकाणी बेसिनमध्ये ओततात. आम्हाला नेमकं तेच वरचं पाणी हवं असतं! ट्यूमरच्या पेशी मरताना जो डीएनए सोडतात त्याचे बारीक तुकडे त्यात तरंगत असतात. म्हणून सँपल निघायच्या आधी सायटोलॉजीला फोन करून सांगून ठेवलं होतं की वरचं फेकू नका, लगेच उणे ८० ला ठेवा. माझ्या मते लिक्विड बायोप्सीच्या बाबतीत लाखो रुपयांच्या मशीनपेक्षा हा फोन जास्त कामाचा असतो. त्याच दिवशी रक्तही घेतलं, ते पण वेळेत प्लाझ्मा वेगळा करून, कारण रक्त तसंच पडून राहिलं तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या पुरात ट्यूमरचे मोजके तुकडे हरवून जातात.

प्रश्न एकच विचारला. एमवायडी८८ या जीनमध्ये एल२६५पी हे म्युटेशन (डीएनएतला बदल) आहे का. प्रायमरी सीएनएस लिम्फोमाच्या बहुतेक, ढोबळ मानाने ६० ते ८० टक्के पेशंट्समध्ये ते असतं, आणि ग्लायोब्लास्टोमात किंवा डिमायलिनेशनमध्ये ते दिसत नाही. म्हणजे समोर ज्या दोन-तीन शक्यता होत्या त्यांना वेगळं करणारा हा प्रश्न होता. पन्नास जीन्सचा पॅनल लावायची गरज नव्हती, आणि तेवढा डीएनए हातात नव्हताच.

पद्धत ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर. एका वेलमधलं मिश्रण साधारण २० हजार थेंबांत वाटलं जातं, प्रत्येक थेंबात डीएनएचा एखादा तुकडा असतो किंवा नसतो, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) झालं की म्युटेशनवाले थेंब एका रंगात चमकतात आणि नॉर्मलवाले दुसऱ्या, मग मोजायचं. स्क्रीनवर खाली रिकाम्या थेंबांचा दाट पट्टा, बाजूला नॉर्मल डीएनएचा ठिपक्यांचा पुंजका, आणि काकूंच्या सीएसएफमध्ये त्याच्या वर वेगळा, स्पष्ट सुटा असा अजून एक पुंजका. शेजारच्या कंट्रोल वेलमध्ये ती जागा पूर्ण मोकळी. इथे एक-दोन ठिपके इकडे तिकडे दिसले असते तर मी रिपोर्ट सोडला नसता, कारण तेवढी गडबड या टेस्टमध्ये होते. पण हा पुंजका होता, आणि एकूण डीएनएच्या ११ टक्के म्युटंट. उरलेल्या सँपलमधून परत नव्याने डीएनए काढून रन लावला, तेच आलं.

रक्तात? निगेटिव्ह. आणि सायटोलॉजीचा रिपोर्ट होता, थोडे लिम्फोसाइट्स, मॅलिग्नंट पेशी नाहीत. प्रोटीन वाढलेलं, इंटरल्युकिन-१० वाढलेलं आणि इंटरल्युकिन-६ कमी (ही पेशींची एकमेकींना निरोप देणारी प्रोटीन्स), जो पॅटर्न लिम्फोमाकडे बोट दाखवतो.

रक्त निगेटिव्ह का यावर थोडं थांबते, कारण "रक्ताची टेस्ट करूया की" हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकायला येतं. २०१४ मध्ये वेगवेगळ्या कॅन्सरच्या ६४० पेशंट्सचा एक मोठा अभ्यास आला होता. आतड्याचा, स्वादुपिंडाचा असे कॅन्सर पसरलेले असतील तर ७५ टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात ट्यूमरचा डीएनए सापडला, आणि ग्लायोमामध्ये १० टक्क्यांहून कमी. ब्लड-ब्रेन बॅरियर मेंदूतला माल रक्तात सहज येऊ देत नाही, आणि जो थोडा येतो तो सगळ्या शरीराच्या डीएनएत मिसळून पातळ होतो. सीएसएफ एका वेळी जेमतेम १५० मिली असतं आणि त्यात पेशी नगण्य, त्यामुळे एकूण डीएनए कमी असला तरी त्यातला ट्यूमरचा वाटा मोठा निघतो. सीएनएस लिम्फोमात रक्त त्या मानाने बरं चालतं, २०२३ च्या एका अभ्यासात ट्रीटमेंटच्या आधीच्या प्लाझ्मात ७८ टक्के आणि सीएसएफमध्ये १०० टक्के डिटेक्शन होतं, पण तिथे एकाच वेळी खूप म्युटेशन्स शोधणारं अतिशय सेन्सिटिव्ह सीक्वेन्सिंग होतं. आम्ही एकच म्युटेशन शोधत होतो, म्हणून रक्त निगेटिव्ह आल्याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

ट्यूमर बोर्डमध्ये (वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) मात्र सोपं नव्हतं. पॅथॉलॉजिस्ट सरांनी पहिलंच सांगितलं, "म्युटेशन म्हणजे डायग्नोसिस नव्हे." आणि ते बरोबर होतं. हेच एल२६५पी वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया नावाच्या आजारात ९० टक्क्यांहून जास्त लोकांत असतं, आणि लंबर पंक्चर करताना सीएसएफमध्ये रक्त मिसळलं तर तिथलं म्युटेशन इथे दिसू शकतं. म्हणून सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि आयजीएम (त्या आजारात वाढणारं प्रोटीन शोधणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) केलं, दोन्ही नॉर्मल. सीएसएफमध्ये लाल पेशी जवळजवळ नव्हत्या, रक्तात म्युटेशन नव्हतंच, त्यामुळे बाहेरून आलं असण्याची शक्यता गेली. पेट स्कॅनमध्ये शरीरात दुसरीकडे काही नाही, एचआयव्ही निगेटिव्ह, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी क्लीन. मग परत चर्चा. नियम आजही हाच आहे की ट्रीटमेंट टिश्यूच्या (गाठीच्या तुकड्याच्या) रिपोर्टवरच सुरू करायची, आणि मलाही वाटतं तो नियम राहायला हवा. पण इथे टिश्यू एकदा घेऊन झाला होता, तो का फेल गेला याचं कारण माहीत होतं, एमआरआय, म्युटेशन, इंटरल्युकिन सगळं एकाच दिशेला जात होतं आणि पेशंट रोज खाली घसरत होती. सरांनीच शेवटी म्हटलं की आता थांबणं जास्त रिस्की आहे. घरच्यांना दोन्ही मार्ग समजावले, सही त्यांच्या लेकीने केली, एकच विचारलं, "आईचं डोकं परत उघडायला नको ना डॉक्टर?" उत्तर होतं, आत्ता तरी नको.

समजा उलटं झालं असतं, सीएसएफ निगेटिव्ह आलं असतं, तर? तर काहीच सिद्ध झालं नसतं. तीसेक टक्के लिम्फोमात हे म्युटेशन नसतंच, शिवाय स्टेरॉइडने ट्यूमरचा डीएनए पण कमी होतो. म्हणजे पॉझिटिव्हला प्रचंड वजन आणि निगेटिव्हला जवळजवळ शून्य, आणि हे टेस्ट पाठवायच्या आधी घरच्यांना सांगितलेलं होतं, नंतर नाही.

ट्रीटमेंट हाय डोस मेथोट्रेक्सेट आणि रिटुक्सिमॅबवर आधारित. बाकी शरीरातल्या लिम्फोमाची नेहमीची केमो मेंदूत पुरेशी पोचत नाही, म्हणून मेथोट्रेक्सेट चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा जास्त अशा डोसने देतात, सोबत भरपूर सलाइन, लघवी अल्कलाइन ठेवणं, ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटचा उतारा), रोज रक्तातली मेथोट्रेक्सेटची लेव्हल. किडनीने साथ दिली. दोन सायकलनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ खूप कमी, काकू स्वतःच्या पायांनी चालत आल्या, नर्सचं नाव घेऊन बोलल्या. हे मला फोनवर सांगितलं तेव्हा खरंच खूप बरं वाटलं, कारण आमच्या टेबलावर पेशंट म्हणजे बारकोड असतो.

सीएसएफमधून मॉनिटरिंगचा खरा उपयोग सगळे डोस संपल्यावर झाला. एमआरआयमध्ये जुन्या सुईच्या वाटेवर आणि शेजारी एक बारीकशी उजळणारी रेघ राहिली होती. ती स्कार (जुना व्रण) आहे की जिवंत लिम्फोमा, हे इमेजवरून सांगता येत नव्हतं. सीएसएफ पाठवलं, म्युटेशन सापडलं नाही. पण "सापडलं नाही" एवढंच लिहून मी कधी रिपोर्ट देत नाही आणि कुणी देऊ नये असं मला वाटतं. एक नॅनोग्रॅम डीएनएमध्ये माणसाच्या जीनोमच्या साधारण ३०० प्रती असतात. आम्हाला त्या सँपलमधून ३ नॅनोग्रॅम मिळाला, म्हणजे ९०० च्या आसपास प्रती. यात हजारात एक म्युटंट प्रत शोधायची म्हटलं तर ती नळीत आलेलीच नसण्याची शक्यता मोठी, मशीन कितीही भारी असो. म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं की अंदाजे ९०० प्रतींमध्ये म्युटेशन आढळलं नाही, त्याहून खालची पातळी या सँपलवरून नाकारता येत नाही. डॉक्टरांनी ते इमेज आणि तब्येतीसोबत वाचलं, स्कार धरून चालायचं ठरवलं, रेडिएशन टाळलं कारण या वयात पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं की स्मरणशक्तीवर वाईट परिणाम होण्याची भीती असते. पुढच्या एमआरआयमध्ये ती रेघ फिकट होत गेली.

हे वाचून ग्लायोमाचे पेशंट किंवा नातेवाईक विचारतील की आमचं काय. तिथे चित्र वेगळं आहे. २०१५ च्या एका अभ्यासात मेंदू आणि मज्जारज्जूच्या ३५ ट्यूमरपैकी २६ मध्ये सीएसएफमधून ट्यूमरचा डीएनए मिळाला, आणि जे २१ ट्यूमर सीएसएफच्या जागेला किंवा मेंदूच्या पृष्ठभागाला टेकलेले होते त्या सगळ्या २१ मध्ये ते जमलं होतं. २०१९ मध्ये ८५ ग्लायोमा पेशंट्सच्या अभ्यासात हे ४२ जणांमध्ये जमलं, म्हणजे निम्म्याला. गाठ पाण्याला टेकलेली आहे का हा प्रश्न त्यामुळे पहिला. काकूंची गाठ व्हेंट्रिकलला खेटून होती, ते त्यांच्या फायद्याचं ठरलं. मुलांमध्ये ब्रेनस्टेममधली गाठ असेल तर एच३ के२७एम हे म्युटेशन सीएसएफमध्ये शोधता येतं, आणि तिथे सुई घालणं किती अवघड असतं हे बघता त्याची किंमत मोठी आहे. पण ग्लायोब्लास्टोमात ऑपरेशन तसंही करायचंच असतं, गाठ काढली की टिश्यू हातात येतोच, त्यामुळे निदानासाठी सीएसएफच्या मागे लागण्यात तिथे फारसा अर्थ नाही.

काकूंकडे परत. साधारण दहा महिन्यांनी त्यांना उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगताना दिसायला लागले, धूसर पण. एमआरआय क्लीन, सीएसएफ केलं ते पण निगेटिव्ह. घरचे निवांत झाले, "पाठीतलं पाणी क्लिअर आलंय, म्हणजे डोळ्याचं वेगळं काहीतरी असणार." असं वाटणं साहजिक आहे. पण डोळ्याच्या आतलं व्हिट्रियस (जेलीसारखा द्रव) ही स्वतंत्र जागा आहे, तिथलं काय चाललंय ते कमरेतून काढलेल्या पाण्यात उमटेलच असं नाही. आणि या लिम्फोमात दर पाच-सहा पेशंट्समागे एकाचा तरी डोळा कधी ना कधी सापडतो.

नेत्रतज्ज्ञ मॅडमना व्हिट्रियसमध्ये पेशी दिसल्या. बाहेरून हे अगदी युव्हायटिससारखं (डोळ्याच्या आतली सूज) दिसतं, आणि युव्हायटिसवर पहिलं औषध काय, तर स्टेरॉइड. परत तोच सापळा! मॅडमनी जुनी फाइल वाचली होती, त्यांनी थेंबसुद्धा सुरू केले नाहीत, आधी व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रियस काढायचं ऑपरेशन) करून सँपल घेतलं आणि पातळ न केलेलं व्हिट्रियस आधी वेगळं काढून आमच्याकडे पाठवलं. अर्धा मिलीच्या आसपास, चिकट, पिपेटमध्ये नीट येत नाही असलं. सायटोलॉजीत फुटलेल्या पेशी, काही ठरवता येईना. एल२६५पी पॉझिटिव्ह, आणि पुंजका सीएसएफच्या पहिल्या वेळेपेक्षाही दाट. इंटरल्युकिन-१० चं प्रमाण इंटरल्युकिन-६ पेक्षा खूप जास्त. म्हणजे लिम्फोमा परत आला होता, फक्त डोळ्यात.

डोळ्यात मेथोट्रेक्सेटची इंजेक्शन्स सुरू झाली, आणि सोबत बीटीके इनहिबिटर (बीटीके हे प्रोटीन अडवणारी) गोळी, कारण एमवायडी८८ च्या म्युटेशनमुळे पेशी ज्या साखळीवर जगते त्यात बीटीके हा एक दुवा आहे. ही गोळी चालू असताना बुरशीच्या इन्फेक्शनवर बारीक लक्ष ठेवावं लागतं, विशेषतः स्टेरॉइडही चालू असेल तर, त्यामुळे तेही पथ्य पाळलं जातंय. काही आठवड्यांत ठिपके कमी झाले, उजव्या डोळ्याची नजर बरीच सुधारली, डावा डोळा अजून स्वच्छ आहे.

पुढचं ठरलंय ते असं. एमआरआय आणि दोन्ही डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी ठरलेल्या अंतराने होणारच. सीएसएफ दर व्हिजिटला काढायचं नाही, कारण प्रत्येक वेळी सुई, डोकेदुखी, झोपून राहणं, आणि निगेटिव्ह आलं तरी औषधात काही बदल होणार नसेल तर ते काकूंना कशाला सोसायला लावायचं. इमेजमध्ये शंका आली किंवा वागण्यात फरक पडला तरच काढायचं, आणि तेव्हा सगळ्यात आधी, कुठलंही स्टेरॉइड सुरू व्हायच्या आत. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने तेवढं एक वाक्य लिहून ठेवलंय, त्याची एक कॉपी लेकीच्या फोनमध्ये आहे, म्हणजे रात्री-अपरात्री कुठल्याही इमर्जन्सीत नेलं तरी समोरच्या डॉक्टरला ते दाखवता येईल.